कोणावाचून अडतं?

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र सरून ३ तारीख लागत होती. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्या वेळी एकाच प्रश्नाची दोन अधिकृत उत्तरं दिली गेली. अंतिम सामन्यातली सर्वोत्तम खेळाडू ठरली शेफाली वर्मा, ७८ चेंडूंत ८७ धावा आणि दोन बळी. स्पर्धेतली सर्वोत्तम ठरली दीप्ती शर्मा, एकूण २१५ धावा आणि २२ बळी, त्यांतले पाच त्याच रात्रीचे. दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारतीय महिला संघ पहिल्यांदाच एकदिवसीय विश्वचषक जिंकला होता. पावसानं सामना दोन तास उशिरा सुरू झाला होता, त्यामुळे सुटायला मध्यरात्र झाली. सायन-पनवेल महामार्गाच्या कडेनं घरी निघालेल्या गर्दीत तेवढ्यातच तिसरं, चौथं, पाचवं उत्तर तयार होत होतं. कोणी म्हणे, हा चषक खरा जिंकला तो तीन दिवसांपूर्वी, इथेच, ऑस्ट्रेलियाविरुद्ध, जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ मुळे. सांगलीचं नाव निघालं की स्मृती मानधनाच्या ४३४ धावा पुढे केल्या जात. कर्णधार हरमनप्रीतनं शेफालीच्या हाती चेंडू दिला नसता तर, असं म्हणणारेही होते. आणि अमनजोतचा तो झेल?

असल्या वादाला वेळ घालवणं म्हणणारे लोक मला फारसे भरवशाचे वाटत नाहीत. संघातलं कोण महत्त्वाचं, हा प्रश्न निवड समितीला, पेढीच्या मालकाला, नाटकाच्या निर्मात्याला आणि एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेला सारखाच पडतो. फरक इतकाच की खेळात तो उघड्यावर विचारता येतो आणि आकडे हाताशी असतात.

प्रश्न जुना आहे, आणि त्यावरची चाचणीही जुनी आहे. छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात वाणी, डोळे, कान, मन आणि प्राण यांचं भांडण लागतं. प्रत्येकाचं म्हणणं, मीच श्रेष्ठ. प्रकरण प्रजापतीकडे जातं. तो गुण देत बसत नाही, मतं मागत नाही. ज्याच्या जाण्यानं शरीराची सगळ्यात वाईट अवस्था होईल तो तुमच्यात थोर, एवढंच सांगून मोकळा होतो. मग एकेक जण वर्षभर बाहेर राहून येतो. वाणी गेली तरी मुक्याचं चालतं. डोळे गेले तरी आंधळा जगतो. कान गेले, मन गेलं, तरी निभतं. शेवटी प्राण निघायची तयारी करतो आणि जातिवंत घोड्यानं पायबंदाच्या मेखा उपटाव्यात तशी बाकीची सगळी इंद्रियं मुळापासून हलतात. निकाल जागच्या जागी लागतो. हीच कथा बृहदारण्यकातही आहे, म्हणजे त्या काळीही ती लोकांना पटलेली असावी.

आजच्या क्रीडापत्रकारितेत ‘तो नसताना संघाची कामगिरी’ असा जो तक्ता छापतात, तो या कथेहून काही वेगळं करत नाही. एकाला काढा आणि काय ढासळतं ते बघा.

आता नवी मुंबईतली गंमत अशी की प्रजापतीची ही चाचणी तिथे खरोखरच होऊन गेली. स्पर्धेत भारताची सलामी स्मृती आणि प्रतिका रावल यांची. २३ ऑक्टोबरला न्यूझीलंडविरुद्ध, याच मैदानावर, दोघींनी २१२ धावांची सलामी दिली. स्मृतीच्या १०९, प्रतिकाच्या १२२. उपांत्य फेरीचं दार त्या दिवशी उघडलं. पुढे तीनच दिवसांनी, पुन्हा याच मैदानावर, बांगलादेशविरुद्ध पावसानं ओल्या झालेल्या गवतावर चेंडू अडवताना प्रतिकाचा पाय मुरगळला आणि ३०८ धावा खात्यावर असलेली सलामीवीर स्पर्धेबाहेर गेली. तिच्या जागी बोलावलं शेफालीला, जी मूळ संघात नव्हती आणि सुरतेत हरियाणाकडून देशांतर्गत टी-ट्वेंटी खेळत होती. उपांत्य सामन्यात तिच्या दहाच धावा झाल्या. अंतिम सामन्यात काय झालं ते वर सांगितलंच.

म्हणजे इंद्रिय गेलं आणि शरीर आंधळं होण्याऐवजी त्याला जास्त लांबचं दिसू लागलं. प्रजापतीच्या हिशेबानं प्रतिकाचं महत्त्व शून्य, कदाचित शून्याच्याही खाली. कोणावाचून कोणाचं अडत नाही, असं आपल्याकडे निवृत्त होणाऱ्या माणसाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणतात, त्यातला हा प्रकार. पण हे उत्तर चूक आहे हे शाळकरी पोरालाही कळतं. १२२ काढणारी ती न्यूझीलंडविरुद्ध नसती तर शेफालीला बोलवायला उपांत्य सामना उरला असता का? प्रतिका नसती तर, आणि प्रतिका गेली नसती तर, या दोन्ही वाक्यांत शेवट चषकाशी जोडलेला आहे, आणि दोन्ही परस्परांच्या विरुद्ध दिशेला तोंड करून उभी आहेत.

इथे उपनिषद सोडून न्यायशास्त्राकडे वळावं लागतं. नैयायिकांनी कारणाची व्याख्या करताना मोठी कंजुषी केली. कार्याच्या आधी नेमानं असणारं, आणि ज्याला वगळून भागत नाही असं, तेच कारण. बाकी सगळं अन्यथासिद्ध, म्हणजे आसपास असलेलं पण हिशेबात न धरण्याजोगं. सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननांनी ‘भाषापरिच्छेदा’त याचे पाच प्रकार दिले आहेत आणि उदाहरण सगळीकडे कुंभाराच्या मडक्याचं. चाक फिरवणारा दांडा हे कारण, पण दांड्याचा रंग कारण नव्हे. कुंभार कारण, पण कुंभाराचा बाप कारण नव्हे, नाहीतर आजा-पणजापर्यंत यादी संपायची नाही. आणि पाचवं, सगळ्यांचं लाडकं उदाहरण, माती वाहून आणणारं गाढव. या मडक्याची माती गाढवानं आणली असेल, पण गाढवाशिवायही मडकी होतात. सबब गाढव बाद.

या गाढवाबद्दल मला नेहमी वाईट वाटत आलं आहे, आणि त्याचं कारण निव्वळ भूतदया नाही. नैयायिक विचारतात ते मडक्यांबद्दल, सरसकट. मडकं होण्याला काय काय लागतं? त्या प्रश्नात गाढव खरंच बसत नाही. पण समोर एक विशिष्ट मडकं ठेवून, हे कसं झालं असं विचारलं, तर त्या दिवशी गाढव होतं, त्यानं ओझं वाहिलं, आणि ते नसतं तर निदान ते मडकं त्या दुपारी झालं नसतं. क्रिकेटच्या वादात लोक एकमेकांवर ओरडतात त्यातले निम्मे वाद याच गल्लतीचे असतात. एक जण मडक्यांबद्दल बोलत असतो, दुसरा मडक्याबद्दल. निवड समितीनं सरसकटच बघायला हवं: पुढच्या दहा सामन्यांत कोणाची जागा भरून काढणं सर्वांत कठीण? नेरुळहून पायी निघालेल्या प्रेक्षकाला मात्र त्या रात्रीचं एकच मडकं दिसत असतं, आणि त्याच्यापुरतं प्रतिकाचा मुरगळलेला पाय हेसुद्धा कारणच. उपांत्य सामन्यात जेमिमा ८२ वर असताना ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅलिसा हिलीच्या हातून तिचा झेल सुटला. तो सुटला नसता तर? भारताच्या विजयाच्या श्रेयनामावलीत हिलीचं नाव घालायला कोणी धजावणार नाही, पण घातलं तर तर्क अडवू शकत नाही.

साखळी फेरीत भारत लागोपाठ तीन सामने हरला. विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, तिथेच ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३० धावा करूनही, आणि मग १९ ऑक्टोबरला इंदूरला इंग्लंडविरुद्ध. पहिल्या दोन पराभवांनंतर घराघरांत निदान झालं, संघात सहावी गोलंदाज नाही. इंदूरला उपाय केला गेला: रेणुका सिंग आत, जेमिमा बाहेर. अकराच जागा असल्यामुळे एका गोलंदाजाची किंमत एका फलंदाजानं मोजावी लागते, यात नवल नाही. नवल पुढे आहे. तो सामना भारत अवघ्या चार धावांनी हरला, पाठलाग करताना. पुढच्या सामन्यात जेमिमा परत आली, तिसऱ्या क्रमांकावर ५५ चेंडूंत नाबाद ७६ करून गेली. उपांत्य सामन्यातही तिसरी, आणि आपण तिसऱ्या क्रमांकावर जाणार हे मैदानात उतरण्याच्या काही मिनिटं आधी कळल्याचं तिनंच नंतर सांगितलं. आणि ज्या सहाव्या गोलंदाजासाठी एवढा आटापिटा केला ती अखेर कुठून आली? सलामीला बोलावलेल्या शेफालीकडून. अंतिम सामन्यात हरमनप्रीतनं तिला चेंडू दिला. तिनं सुने लुसला स्वतःच्याच गोलंदाजीवर झेलबाद केलं आणि पाठोपाठ मरिझान कापला यष्टीमागे रिचा घोषकडे पाठवलं. सात षटकं, ३६ धावा, दोन बळी.

खेळाडूचं वजन तिच्या एकटीच्या अंगात नसतं, आजूबाजूला कोण उभं आहे त्यावर ते घटतं-वाढतं. हे गणितात मांडायचं काम लॉइड शॅप्ली यांनी १९५३ मध्ये केलं. पुढे २०१२ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांची युक्ती प्रजापतीपेक्षा चिकट आहे. एकाला एकदाच काढून बघायचं नाही. संघ शून्यापासून उभा करायचा, एकेक जण आत घ्यायचा, आणि प्रत्येक जण आल्यावर किती भर पडली ते टिपायचं. मग आत येण्याचा क्रम बदलायचा. पुन्हा टिपायचं. सगळे क्रम संपेपर्यंत हेच, आणि शेवटी सरासरी. अकरा जणींसाठी असे क्रम ३,९९,१६,८०० होतात. एवढे सामने खेळवणं कोणत्याही मंडळाला परवडणार नाही, म्हणून ते कागदावरच राहतं. पण त्यातून प्रजापतीच्या चाचणीतली मेख कळते. समजा, संघात दोन यष्टिरक्षक आहेत. एकीला काढा, दुसरी हातमोजे घालते, काही बिघडत नाही. दुसरीला काढा, पहिली आहेच. चाचणी सांगते, दोघीही बिनमहत्त्वाच्या. दोघींना एकदम काढा आणि मग चेंडू आणायला सीमारेषेपर्यंत जा. शॅप्लींच्या हिशेबात दोघींना अर्धं-अर्धं श्रेय मिळतं, आणि मला वाटतं राखीव खेळाडूला मिळालेला हा एकमेव लेखी न्याय आहे.

राखीव म्हटलं की या संघाचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार डोळ्यांपुढे येतात. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शिल्ड. शारदाश्रमकडून सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४. पुढचा फलंदाज पॅड बांधून बसला होता तो मुझुमदार. त्याची पाळी आलीच नाही. नंतर प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून जास्त धावा केल्या, मुंबईचं नेतृत्व करून रणजी करंडक जिंकला, पण भारताची टोपी मिळाली नाही. या गोष्टीवर मराठीत इतके हळवे लेख येऊन गेले आहेत की आणखी एकाची गरज नाही. मला त्यात दिसतं ते वेगळं. पुढचा चांगला फलंदाज बाकी असल्याची खात्री असेल तर मैदानातले दोघं मोकळ्या हातानं खेळतात. पॅड बांधून बसलेल्याचं श्रेय धावफलकात शून्य असतं; ते खरोखर किती, हे शॅप्लींनाही विचारून मिळायचं नाही, कारण तो खेळात शिरलेलाच नसतो.

दिसण्या-न दिसण्याचा हा प्रश्न ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉलमध्ये फार स्वच्छ मांडलेला सापडतो. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, एका बाजूला अठरा जण. तिथला सर्वांत मानाचा वैयक्तिक पुरस्कार, ब्राउनलो पदक, १९२४ पासून दिला जातो आणि मतं देतात ती मैदानावरचे पंच. प्रत्येक सामन्यानंतर तिघांना ३, २, १ असे गुण. हंगामात प्रतिस्पर्ध्याशी आडदांडपणा करून बंदी ओढवून घेतलेला खेळाडू कितीही थोर असला तरी अपात्र. गेल्या काही दशकांतले विजेते पाहिले तर बहुतेक सगळे मध्यफळीतले. साहजिक आहे, पंच चेंडूमागे धावतात, चेंडू मधल्या फळीत असतो, आणि जो जवळ तो नजरेत भरतो. मागच्या टोकाला प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत धोकादायक माणसाला दिवसभर चिकटून उभा असलेला बचावपटू ज्या दिवशी उत्तम खेळतो, त्या दिवशी त्याच्याकडे चेंडू फिरकतच नाही.

आपल्याकडे रायगडातल्या आणि ठाण्यातल्या गावोगावच्या कबड्डी स्पर्धांनी हा गुंता शहाणपणानं सोडवला आहे. बक्षीस समारंभात उत्कृष्ट चढाईचं वेगळं, उत्कृष्ट पकडीचं वेगळं, आणि अष्टपैलू खेळाडूचं तिसरं. चढाईपटूनं एका दमात तिघांना बाद केलं की मंडप दणाणतो हे खरं. पण कोपऱ्यावरच्यानं घोटा धरून ठेवला नाही तर ती चढाई करायची वेळच येत नाही, हे गावातल्या म्हाताऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणून तिथे दोघांची तुलनाच करत नाहीत. बक्षिसं वाढवतात.

क्रिकेटमध्ये तसं बक्षीस असतं तर ते अमनजोत कौरला मिळालं असतं. अंतिम सामन्यात तिच्या नावावर १२ धावा आणि शून्य बळी. पण दक्षिण आफ्रिकेची सलामी ५१ वर रेटून बसली होती ती तिच्या थेट फेकीनं फुटली, ताझमिन ब्रिट्स धावचीत. आणि मग ४२ वं षटक. लॉरा वोल्वार्ट शतक पूर्ण करून १०१ वर, ती उभी आहे तोवर सामना जिवंत. दीप्तीचा चेंडू तिनं उंच उडवला. सीमारेषेजवळून अमनजोत धावत आली, चेंडू हातात आला आणि निसटला. पुन्हा हात लागला, पुन्हा निसटला. तोल जाऊन ती जमिनीकडे चालली असताना तिसऱ्या खेपेला एका हातात तो राहिला. धावफलकावर हे ‘झे. अमनजोत, गो. दीप्ती’ असं उतरतं, आणि बळी दीप्तीच्या खात्यात जातो. बावीस बळींपैकी तो एक. अमनजोतच्या खात्यात झेलांच्या रकान्यात एक वाढतो आणि हातातून दोनदा उडालेला चेंडू व मिड-ऑफला पोटात बसलेला सोपा झेल यांची किंमत एकच लागते.

तरीही दीप्तीला स्पर्धेचा किताब देण्यात चूक झाली असं मी म्हणणार नाही. दहा षटकं टाकणारी आणि मधल्या फळीत टिकणारी अशी दुहेरी जागा एकाच नावावर भरता येणं ही कर्णधारासाठी केवढी सोय आहे! तिच्यामुळे बारावी खेळाडू मैदानात असल्यासारखं होतं. सरसकट मडक्यांबद्दल विचाराल तर माझं मत दीप्तीला. शेफालीला नाही, जेमिमालाही नाही, त्या रात्रीच्या मडक्यापुरतं मात्र शेफालीच.

पण दीप्तीच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी इंदूरचा धावफलक एकदा पुन्हा उघडावा. नैयायिक कारण तपासताना दोन्हीकडून तपासतात: कारण असताना कार्य होतं का, आणि नसताना होत नाही का. अंतिम सामन्यात दीप्तीच्या ५८ धावा, पाच बळी, आणि भारत जिंकला. इंदूरला इंग्लंडविरुद्ध तिच्या ५० धावा, चार बळी. जवळपास तेवढाच माल, तीच खेळाडू, आणि भारत चार धावांनी हरला. स्मृतीच्या ८८ होत्या, हरमनप्रीतच्या ७०, म्हणजे बाकीच्यांनी हात टेकले असंही नाही. कारण हजर, कार्य गैरहजर. तर्कशास्त्राच्या वर्गात एवढ्यावर दीप्तीचं नाव खोडलं गेलं असतं, आणि त्या वर्गातून कोणी चांगली निवड समिती घडली असती असं मला वाटत नाही.

जिंकलेल्या सामन्याचे मानकरी मोजताना आपण दहा-दहा नावं घेतो. हिलीचा सुटलेला झेल, रावलचा पाय, सुरतेला गेलेलं बोलावणं, आझाद मैदानावरचे पॅड, सगळं त्यात बसतं. इंदूरच्या त्या चार धावा कोणाच्या नावावर लिहायच्या, यावर नेरुळपासून पनवेलपर्यंत हार्बरच्या डब्यात अजून कोणी भांडलेलं माझ्या ऐकण्यात नाही.